चौकटीवरचा चिखल

नागपूर, १३ ऑक्टोबर

दादा,

जय भीम. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू आधी घाबरला असशील. घाबरू नकोस, आई आहे, बाबाही आहेत. चक्की मात्र बंद आहे आणि मी त्यासाठीच लिहिते आहे. आठ वर्षं बोलणं नसताना एकदम प्रेमाचं भरतं आल्याचं सोंग मला जमणार नाही, तुलाही ते खरं वाटणार नाही.

तुझा नंबर आहे माझ्याकडे. रायपूरचा पत्ताही नागसेनकाकांकडून घेतला, तेच पुसदकडचे, जे दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर येतात आणि आपल्याकडे मुक्काम करतात. त्यांनी विचारलं नाही कशाला हवा म्हणून, लगेच दिला. पण फोन करायची सोय नाही. बाबा दिवसभर बंद चक्कीत खुर्ची टाकून बसतात, आणि चक्की बंद असली की या घरात कुजबुजसुद्धा ऐकू येते. इतकी वर्षं त्या घरघरीच्या आड आपण किती गोष्टी बोलून घेतल्या, ते आता लक्षात येतं.

गेल्या महिन्यात नाल्याचं पाणी घरात शिरलं. टीव्हीवर तू नागपूर पाहिलं असशीलच. समोरच्या हर्षाने पहाटे दार बडवलं (हर्षा पार्लर चालवते, तू गेल्यावर राहायला आली) आणि आम्ही तिघं तिच्या गच्चीवर जाऊन बसलो. आईच्या एका हातात बाबासाहेबांचा फोटो आणि दुसऱ्या हातात मिठाची बरणी. मीठच काहून उचललं, असं हर्षाने विचारलं तर म्हणाली, "हाताले आलं ते घेतलं." माझा फोन खालीच राहिला आणि बुडाला. आतला एकही फोटो नाही. हर्षाने गल्लीचा व्हिडिओ काढलाय, त्यात पाणी आहे, पण चक्कीचं दार बंद आहे.

आता मुद्द्याचं. चक्कीचा विमा आहे. या गल्लीत नाल्याकाठच्या कोणाकडेच नाही. हर्षाने दोन एजंटांना विचारलं होतं. एकाने पत्ता ऐकूनच "तिथलं नाही निघत, ताई" म्हटलं. दुसरा उद्या येतो म्हणाला, त्याचा उद्या अजून उगवायचाय. आपला निघाला तो मसाल्याच्या मशीनसाठी बँकेचं कर्ज घेतलं म्हणून. बँकेने स्वतःच्या जिवाच्या काळजीने अख्ख्या चक्कीचा विमा उतरवून घेतला, पुरासकट. मी तेव्हा कुरकुरले होते. आता गल्लीतले सगळे रोज विचारतात, "माया, आलं का वं तुयं इन्शुरन्सचं?" जणू त्यांच्याच घरचा निकाल लागायचा आहे.

आणि आपल्या आईने काय केलं असेल? दसरा तोंडावर आलेला. पाहुणे येणार. पाणी उतरलं, गाळ काढला, पंचनामा करणारे येऊन "पाणी शिरले" एवढंच लिहून गेले, की आईने चुन्याची बादली कालवली. मी म्हटलं, थांब, विमावाला येऊन जाऊ दे. तर मला म्हणते, "धम्मचक्राच्या दिवशी पाव्हणे येतीन अन् भिंतीवर नाल्याचा चिखल दाखवू का मी त्यायले?" दरवर्षी रंग देते, यंदा तर तिच्या अंगात आलं होतं. दोन हात दिले. पाण्याची भिंतीवरची रेघ, जी मी रोज येताजाता बघत होते, ती तिने गायब केली. शटर घासलं, पट्टे धुतले, दगड धुतले. मोटरवाल्याने मोटर आधीच खोलून नेली होती.

आणि काल सर्व्हेअर आले. केशव ढोबळे नाव त्यांचं. हुडकेश्वरला राहतात, त्यांच्याही घरात पाणी शिरलं होतं म्हणून उशीर झाला म्हणाले. माणूस वाईट नाही. चक्कीत उभे राहिले, चारी भिंती पाहिल्या आणि म्हणाले, "ताई, हे पाहून वाटते का, इथं पूर आला होता म्हणून? मी काय लिहू?" आई मागून अभिमानाने म्हणते, "साफ ठेवलं ना जी आम्ही!" मला हसावं की रडावं कळेना. मोटर जळली हे मोटरवाल्याकडे जाऊन त्यांनी पाहिलं, पण मोटर व्होल्टेजनेही जळते. गल्लीपेक्षा आपला ओटा उंच, तेव्हा गल्लीतल्या व्हिडिओवरून आत किती पाणी होतं ते ठरत नाही. वीस तारखेला पुन्हा येतो म्हणाले. तोवर आतल्या पाण्याचा काही पुरावा दाखवा, नाहीतर मला नाइलाजाने नाही म्हणून लिहावं लागेल.

क्लेम गेला तर चक्की गेली. मोटर आणि दगड नव्याने घ्यायची ताकद आपल्यात नाही. कळमेश्वरचा भंगारवाला येऊन सगळं बघून गेलाय, दसऱ्यानंतर गाडी घेऊन येतो म्हणाला. बाबा त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत, फक्त खुर्ची उचलून मशीनच्या पुढ्यात ठेवली आणि बसले.

तू हेच काम करतोस. सांग, मी काय दाखवू?

माया


नागपूर, १५ ऑक्टोबर

दादा,

आधीचं पत्र पोचलं असेल किंवा वाटेत असेल. पोचलं असेल तर फाडून टाक. मला आता तुझ्या सल्ल्याची गरज नाही. भिंतीचं काय ते मी बघितलंय.

आज रविवार. आई-बाबा सकाळी विहारात वंदनेला गेले होते आणि मला घर मोकळं मिळालं. त्याबद्दल एवढंच. माझ्या नखांत अजून माती आहे, ती निघत नाहीये. परसात गाळाचा ढीग पडलाच आहे. महानगरपालिकेची गाडी अजून आलेली नाही, म्हणून.

आता तू म्हणशील, मग लिहिलंसच कशाला? कारण मला तुझा चेहरा दिसतो आहे. तो महादेवरावांच्या वेळचा. कळमेश्वरला त्यांच्या शेडला आग लागली, सर्व्हे तुझ्याकडे आला, आणि तू लिहिलंस की जेवढा माल जळाला म्हणतात तेवढा शेडमध्ये नव्हताच. बाबांचा तीस वर्षांचा मित्र! ज्या माणसाने चक्कीचं पहिलं मशीन उधारीवर आणून दिलं, त्याचा क्लेम तू कापलास. बाबा तुला म्हणाले, "माणसापरीस तुले कंपनी जवळची झाली का गा?" आणि तू काय म्हणालास ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. "एक खोटा क्लेम पास झाला बाबा, का मागच्या शंभर खऱ्यायकडे लोक शंकेनंच पाहतेत." मी तेव्हा बाबांच्या बाजूने उभी होते. अजूनही आहे. थोडी डोळेझाक केली असतीस तर तुझं काय बिघडलं असतं? आकाश कोसळलं असतं?

आपलं नुकसान तर खरं आहे. पाणी खरं आलं होतं. फक्त ते दिसत नाही, आणि खरं असलेलं दिसावं म्हणून एखादीने थोडी मदत केली तर त्याला खोटं म्हणायचं का? हे मी तुला विचारत नाहीये. स्वतःशी बोलतेय.

बाबांच्या मोबाइलवर ढोबळेसाहेबांचा फोन आला होता. म्हणाले, "ताई, तुमच्या भागातून हा पहिलाच क्लेम हाय. वरचे लोक बारीक पाहणार. जे दाखवान ते पक्कं दाखवा." मी "हो जी" म्हटलं आणि फोन ठेवून पुन्हा नखं घासायला गेले. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

हर्षा दुपारी चहाला आली होती. तिने भिंत पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता चहा पिऊन गेली. ती एरवी इतकी बोलते की गप्प बसली की भीती वाटते.

उत्तर लिहू नकोस.

माया


रायपूर, १७ ऑक्टोबर

माया,

जय भीम. तुझं तेराचं पत्र मिळालं. दुसरं काही लिहिलं असशील तर ते अजून आलेलं नाही.

कामाचं आधी लिहितो. काहीही झालं तरी भिंतीवर स्वतः रेघ काढू नकोस. तू असं करणार नाहीस हे मला माहीत आहे, पण अशा वेळी चांगल्या चांगल्या माणसांना ही बुद्धी सुचते, मी रोज पाहतो, म्हणून लिहिलं. हाताने काढलेली रेघ लगेच ओळखू येते. खरं पाणी एकदम उतरत नाही. थांबत थांबत उतरतं, एका ठळक रेघेखाली फिकट चार-पाच रेघा सोडून जातं, काडीकचरा चिकटवून जातं, खाली गिलावा फुगवतं. नवीन चुन्यावरची एकच सरळ रेघ म्हणजे सर्व्हेअरला स्वतःहून दिलेला कबुलीजबाब. तुमच्या गल्लीतला पहिला क्लेम खोटा ठरला तर हर्षाबाईंना आता एजंट नुसता टाळतोय, पुढे दारातही उभा राहणार नाही.

भिंत सोड. जिथे चुना जात नाही तिथे बघ. लाकूड बघ. आईच्या खोलीच्या, चक्कीत उघडणाऱ्या दाराची चौकट आई कधी कोणाला रंगवू देत नाही, दर दसऱ्याला मारलेल्या आपल्या उंचीच्या खाचांमुळे. तिने पुसली नसेल तर तिथे रेघ असेल. चिखल असेल तर त्याला हात लावू नका, ओलं फडकंसुद्धा नको. ढोबळ्यांना आहे तसं दाखवा, दिसेल ते ते लिहितील.

आईने मिठाची बरणी का उचलली ते मला माहीत आहे. तिचा एक सोन्याचा मणी त्यात असतो. तिला सांगू नकोस की मी सांगितलं.

बाबांची खुर्ची मशीनसमोर आहे हे वाचून कालपासून माझं कामात लक्ष नाही.

धम्मानंद


नागपूर, १९ ऑक्टोबर

दादा,

तुझं पत्र काल मिळालं. आधी माझ्याकडून ऐकून घे.

रेघ मी काढली होती. रविवारी, सगळे विहारात असताना. परसातला गाळ बादलीत कालवला, फडकं बुडवलं आणि चक्कीच्या तिन्ही भिंतींवर ओढत गेले. माझ्या खांद्याला लागेल एवढ्या उंचीवर. पाणी तेवढं आलं नव्हतं, मला माहीत होतं. पण स्टार्टरचा बोर्ड भिंतीवर वर आहे, जुना झालाय, वाटलं त्याचंही निघून जाईल. हात सुरू झाला की किती सहज वर जातो बघ. तुझं पत्र वाचताना "तू असं करणार नाहीस हे मला माहीत आहे" या वाक्यापाशी मी थांबले आणि मग कितीतरी वेळ पुढे वाचलंच नाही.

पण तुझं पत्र यायच्या आधीच माझी रेघ गेली होती. सोमवारी सकाळी आईने ती पाहिली. मला वाटलं विचारेल कुठून आली. तिने विचारलं नाही, चुन्याची उरलेली बादली आणली आणि तिन्ही भिंती पुन्हा पांढऱ्या केल्या. मी मध्ये पडले, म्हटलं, आई, क्लेमसाठी आहे, राहू दे. तर कुंचला तसाच हातात धरून म्हणाली, "एवढं पाणी नव्हतं आलं."

मी म्हटलं, "तू मोजायला गेली होतीस का?"

"मले माहीत हाय किती आलं होतं."

"कसं माहीत?"

"माहीत हाय म्हणून सांगून राहिली ना! अन् तुह्या भावानं एवढं घर सोडलं ज्या गोष्टीपायी, तेच तू करून राहिली? मंग तो काहून गेला वं? सांग ना."

आठ वर्षांत तिने या घरात तुझं नाव सोड, "भाऊ" हा शब्दही तोंडावाटे काढला नव्हता. बाबा खुर्चीत होते. त्यांनी मान वळवली नाही. ऐकलं मात्र असणार. चक्की बंद आहे.

मी दिवसभर तिच्याशी बोलले नाही. माझी अवस्था बघ. खरी रेघ तिने पुसली, खोटीही तिनेच पुसली, आणि वीस तारीख उद्यावर आली.

मग काल तुझं पत्र. चौकटीचं वाचून मला तुझी कीव आली, खरं सांगते. तुला माहीतच नाही. तू गेलास त्या आठवड्यात बाबांनी आईला सांगितलं होतं, "त्याच्या खाचा घासून काढ. त्याचं नाव नको मले या घरात." पॉलिश पेपरही आणून दिला होता. आईने दार लावून घेतलं, आम्हाला बाहेरून घासल्याचा आवाज ऐकू आला. दुसऱ्या दिवशी त्या बाजूवर जुन्या लुगड्याचं जाड कापड खिळ्यांनी ठोकलेलं होतं. घासून लाकूड खरबरीत झालं, हाताला कुसळ लागतं, असं म्हणाली. तेव्हापासून पाहुण्यांच्या पोरांच्या खाचाही बंद झाल्या. नागसेनकाकांची नात करिष्मा चार वर्षांची होती, तिची शेवटची. म्हणजे तुझी चौकट संपली, दादा. आता मी ढोबळ्यांना खरं तेच सांगणार आहे, पुरावा नाही म्हणून. चक्की जाईल तर जाईल.

इथपर्यंत लिहून पत्राची घडी घातली होती. आता संध्याकाळ आहे आणि मी तेच पत्र पुढे लिहिते आहे.

बाबा चौकात गेले होते. मी आईच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "आई, चौकटीवरचं कापड काढ." ती पलंगावर मेथी निवडत होती. तिने "कशाले?" असं विचारलं, पण मेथीची जुडी हातातून खाली पडली. मी म्हटलं, "दादाने लिहिलंय." तिने हात पदराला पुसले. मग उठून तिने स्वतःच खालचे खिळे काढले.

सगळं आहे, दादा. एकही खाच गेलेली नाही. तुझी, माझी, दरवर्षीच्या पोरांची, बाजूला पेन्सिलीने नाव आणि साल. त्या दिवशी दार लावून तिने काय घासलं होतं माहीत आहे? पोळपाट.

आणि चौकटीच्या खालच्या भागावर चिखल. वाळलेला, तडकलेला, तसाच. वर एक जाड रेघ, खाली फिकट होत जाणाऱ्या रेघा, एक गवताची काडी चिकटलेली, अगदी तू लिहिलंस तसं. सगळं घर चुन्याने माखणाऱ्या बाईने तेवढीच वीतभर रुंदीची पट्टी सोडली होती. मी विचारलं का नाही पुसलं, तर म्हणाली, "पुसलं असतं त नावं गेली असती. पेन्सिलीची हायेत. म्हणून नुसतं कापड धुतलं अन् परत ठोकलं."

मला इतका आनंद झाला की मी तिला मिठीच मारली. ती मात्र लाकडासारखी उभी. मग माझे हात सोडवून म्हणाली, "हे नाही दाखवायचं कोणाले."

"आई, चक्की वाचते यानं!"

"तुह्या बापाले कळन." आणि मग रडली. "आठ वर्षं त्या माणसाले मी खोटं सांगत आली. आता चार लोकायसमोर त्याले ते दाखवू? चक्की गेली त जाऊ दे. ह्या वयात त्यानं माह्याकडं कोण्या नजरेनं पाहावं, सांग."

तिने कापड पुन्हा ठोकलं. मी तिला काय म्हणू? तू असतास तर काय म्हणाला असतास? उद्या अकरा वाजता ढोबळे येतात. हे पत्र मी टाकते आहे, पण तुला मिळेल तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल.

माया


नागपूर, २१ ऑक्टोबर

दादा,

काल काय झालं ते क्रमाने सांगते, मध्ये रडले तर अक्षर समजून घे.

ढोबळे वेळेवर आले. बाबा खुर्चीत, आई खोलीच्या दारात, तिची पाठ त्या कापडाला टेकलेली. हर्षा आणि गल्लीतल्या तिघी-चौघी शटरबाहेर उभ्या. कोणी बोलावलं नव्हतं. ढोबळ्यांनी विचारलं, "ताई, काही मिळालं?"

मी आईकडे पाहिलं. ती खाली बघत होती. मी रात्रभर विचार करून ठरवलं होतं की आईचं मी उघडं पाडणार नाही. म्हणून म्हटलं, "नाही साहेब. भिंत आम्हीच रंगवली. रविवारी मी गाळाने खोटी रेघ काढली होती, तीही आईने पुसली. तुम्ही लिहा काय लिहायचं ते."

हे मी का सांगून टाकलं, मला माहीत नाही. त्यांनी विचारलंही नव्हतं. ढोबळ्यांनी उघडलेलं पेन पुन्हा बंद केलं. बाहेर हर्षाने "अवं माया!" म्हणून कपाळावर हात मारला. बाबांची मान खाली गेली. दादा, त्या क्षणी मला पक्कं कळलं की सगळं संपलं. चक्की तर गेलीच, वर गल्लीचं नावही मीच घालवलं.

ढोबळे हळू आवाजात म्हणाले, "हे तुम्ही मले सांगितलं, मी ऐकलं. पण पुरावा नसन त माझे हात बांधलेले हायेत." आणि बॅग बंद करायला लागले.

तेव्हा खिळा उपटल्याचा आवाज आला. आई. वरचा खिळा, मग मधला. ती स्टुलावर चढली नव्हती, टाचा उंचावून ओढत होती, आणि कापड फाटून तिच्या हातात आलं. ती बाबांकडे तोंड करून उभी राहिली, साहेबांकडे नाही. म्हणाली, "तुम्ही घासायले सांगतलं होतं. मी नाही घासलं. आता जे म्हणायचं ते म्हणा, पण आधी त्यायले पाहू द्या."

ढोबळे पुढे आले. गुडघ्यावर बसले, टॉर्च लावला, टेप लावली. फोटो काढत राहिले. एकदा गवताच्या काडीकडे बोट दाखवून स्वतःशीच "हे पाहा" म्हणाले. मग रेघेच्या अगदी बरोबरीला एक खाच होती तिथे थांबले. चिखलाच्या वरच्या काठावर नाव अर्धं बुडालेलं. त्यांनी विचारलं, "हे नाव कोणाचं हाय? रिपोर्टमध्ये लिहावं लागन, ही खूण कशाची म्हणून."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात खुर्ची सरकली.

बाबा उठून आले. चौकटीसमोर उभे राहिले. आठ वर्षांत त्यांनी ती बाजू पाहिली नव्हती, आणि आता तिथे तू खालपासून वरपर्यंत उभा होतास. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. आईकडे पाहिलं नाही. ढोबळ्यांना म्हणाले, "धम्मानंद. मोठा पोरगा माहा. पहिलीत घातला त्या दसऱ्याची खाच हाय ही. लिहा तुम्ही, पाणी माह्या पोराच्या डोक्याएवढं आलं होतं."

ढोबळ्यांनी लिहिलं. मग विचारलं, "कुठं असतेत ते?"

"रायपूरले," बाबा म्हणाले. "तुमच्यासारखाच सर्व्हेअर हाय. खोटं पास करत नाही."

दादा, मी हे वाक्य जसंच्या तसं लिहिलंय. एक मात्रा इकडची तिकडे केलेली नाही.

मोटर, दगड आणि मसाल्याचं मशीन रेघेच्या खाली येतं, ते त्यांनी धरलं. स्टार्टरचा बोर्ड वर आहे, तो कापला. बरोबर कापला. जाताना मला म्हणाले, "ताई, तुम्ही ते रेघेचं सांगितलं नसतं तरी चाललं असतं. पण सांगितलं म्हणून मी चौकट डोळे मिटून मानली नाही, दोनदा तपासली. आता वरून कोणी येवो." म्हणजे शिव्या होत्या की शाबासकी, मला कळलं नाही.

रात्री जेवताना बाबांनी पोळीचा घास हातात धरून विचारलं, "मंग तवा आवाज कायचा येत होता?"

आई म्हणाली, "पोळपाट घासला."

बाबांनी ताटाकडे पाहिलं आणि मग इतके हसले की त्यांना ठसका लागला. आई पाठीवरून हात फिरवत राहिली. हसतानाच त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मग ते फक्त पाणीच राहिलं.

माया


नागपूर, १८ नोव्हेंबर

दादा,

चक्की कालपासून सुरू झाली. घरात पुन्हा काही ऐकू येत नाही, त्यामुळे हे पत्र मी निवांत लिहिते आहे. भंगारवाला आज सकाळी गाडी घेऊन आला होता, बाबांनी त्याला पाच किलो दळण फुकट दिलं आणि परत पाठवलं.

आणि ऐक. ज्या एजंटाचा उद्या उगवत नव्हता तो परवा स्वतःहून गल्लीत आला. हर्षाच्या पार्लरचा विमा काढायला, आणि तिच्या शेजारच्या किराण्याचा. हर्षाने त्याला पाऊण तास उन्हात उभं केलं, मग चहा दिला. म्हणते, "मलेही सवय आहे उद्या-उद्याची." कंपनी पुढच्या वर्षी हप्ता वाढवेल म्हणून ती आतापासून भांडते आहे. पण निघतोय, हे तरी झालं.

दसऱ्याला पाहुणे आले होते. सगळ्यांनी चौकट पाहिली. नागसेनकाका तिच्यासमोर बराच वेळ उभे होते आणि तुला फोन करतो म्हणाले, केला का माहीत नाही. करिष्मा बारा वर्षांची झाली. तिची खाच बाबांनी स्वतः मारली, आठ वर्षांची जागा सोडून, आणि ती एवढी वर गेली की पोरगी लाजली.

काल चक्की सुरू व्हायच्या जरा आधी मी फडकं ओलं करून आणलं. क्लेमचं काम झालं होतं, फोटो होते, आता खालचा चिखल कशाला ठेवायचा? आईही म्हणाली, पुसून टाक, नावं जातीन त जाऊ दे, परत लिहू. मी वाकलेच होते, तर बाबांनी चक्कीतून हाक मारली.

"माया, हात नको लावू त्याले."

मी म्हटलं, "बाबा, घाण दिसते."

"दिसू दे. ज्याचं नाव हाय त्यानं येऊन पुसावं."

मग दोन पायल्या ज्वारी दळून झाल्यावर त्यांनी मला पुन्हा बोलावलं आणि रायपूरहून पहिली गाडी किती वाजता निघते ते विचारलं. मी सांगितलं. तेव्हापासून आई खोलीत जाताना पदर सावरून, त्या बाजूला न घासता जाते.

माया